नांगर एकदम सुटला नाही

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना आणि त्यांना लागून असलेल्या राज्यांत, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मशागतीची एक मधलीच रीत रुजत गेली आहे. तिथे मक्याच्या दोन ओळींत बहुधा ३० इंच अंतर असते. त्यातला आठ-दहा इंचांचा पट्टा तेवढा भुसभुशीत करायचा, खत त्याच पट्ट्यात खाली सोडायचे आणि मधली वीस-बावीस इंच जमीन मागच्या पिकाच्या धसकटांसकट न हलवता ठेवायची. पट्टे बहुतेक जण कापणी उरकल्यावर शरदातच ओढून ठेवतात. वसंतात पेरणीयंत्र नेमके त्याच पट्ट्यांवरून फिरते. या पट्टा मशागतीकडे शेतकरी कसा वळला याची एक ठरीव कहाणी सांगितली जाते. नांगराने माती नासवली, धुळीची वादळे उठली, शास्त्रज्ञांनी बजावले, आणि हट्टी शेतकऱ्याला ते उमगायला अर्धे शतक लागले. कहाणी ऐकायला बरी आहे, पण तारखांशी तिचा मेळ बसत नाही. धोका १९३५ मध्ये उघड्या डोळ्यांना दिसत होता, नांगराविरुद्धचे पुस्तक १९४३ मध्ये गाजले होते, तणनाशके आणि न नांगरलेल्या रानात पेरणारे यंत्र १९६६ पर्यंत बाजारात आले होते. तरी मक्याचे रान पुढेही वर्षानुवर्षे नांगरले जात राहिले. या उशिराचे कारण शेतकऱ्याच्या स्वभावापेक्षा नांगराच्या कामात शोधावे, असे माझे म्हणणे आहे. बारा बलुतेदारांची कामे त्या एकट्या अवजाराच्या अंगावर होती, आणि त्यातल्या प्रत्येक कामाला दुसरा धनी मिळेपर्यंत त्याला रजा देणे कोणाला परवडणारे नव्हते.

तो तिथे आला तोच मुळी अवघड कामासाठी. प्रेअरीची जमीन काळी, खोल आणि चिकट. वर पुरुषभर उंचीचे गवत आणि खाली त्याच्या मुळांची घट्ट वीण. पूर्वेकडून आलेल्या लोकांचे ओतीव लोखंडी नांगर त्या मातीत लगेच लडबडत आणि दर थोड्या पावलांवर थांबून माती खरवडावी लागे. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डियर या व्हर्माँटहून आलेल्या लोहाराने मोडक्या करवतीच्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर घडवला. माती त्याला चिकटेना, आपसूक सुटून उलटी पडू लागली. त्याआधीची एक हकिकत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी समजूत तिथल्या शेतकऱ्यांत होती. शंभरेक वर्षांनी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला काढला तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले. दोन्हीकडे ती समजूत अडाणीपणाची खूण म्हणून सांगतात. लोखंडात विष नव्हते हे खरेच. पण हे नवे अवजार जमिनीचे काहीतरी बिघडवील ही धास्ती पुढच्या इतिहासाकडे पाहता अगदीच खोटी ठरली असे म्हणवत नाही.

पलटी नांगर स्थिरावला आणि मक्याची सगळी शेती त्याच्याभोवती बेतली गेली. तण गाडणे हे त्याचे पहिले काम, पण एवढ्यावर भागत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे मका चौफुलीवर पेरू लागले. शेतात गाठींची तार ताणायची, प्रत्येक गाठीला यंत्रातून बी पडायचे, म्हणजे पुढे उभे आणि आडवे दोन्हीकडून कोळपे घालता येई. ओळींतले अंतर चाळीस-बेचाळीस इंच, कारण तेवढ्यातून घोडा जायला हवा. अशी कोळपणी करायची तर जमिनीवर ताटे, धसकटे काही उरता कामा नये. म्हणजे कोळपणीसाठीसुद्धा आधी नांगरट. शेणखत आणि क्लोव्हरचे हिरवळीचे खत मातीआड करायला नांगरट. शरदात नांगरून टाकलेली ढेकळे हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने आपोआप फुटतात आणि वसंतात ती उघडी काळी माती उन्हाने लवकर तापते, हा तर मोठाच लाभ. मातीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास आल्याशिवाय मक्याचे बी धड उगवत नाही, आणि उत्तर आयोवा किंवा मिनेसोटात पेरणीला हातात थोडेच आठवडे असतात. त्यात किडीची भर पडली. युरोपातून आलेली मक्याची खोडकीड १९१७ मध्ये बॉस्टनजवळ सापडली. तिची अळी मक्याच्या ताटांत हिवाळा काढते. कीड पश्चिमेकडे सरकू लागल्यावर अमेरिकी काँग्रेसने १९२७ मध्ये एक कोटी डॉलर मंजूर केले आणि ओहायो, मिशिगन, इंडियाना अशा राज्यांत ताटे-धसकटे जाळण्याची, चुरण्याची, खोल गाडण्याची मोहीम काढली. पिकाचे अवशेष रानात पडू देणे हा तेव्हा शेजाऱ्याशी केलेला अपराध होता, आणि सरकार दारात येऊन ते गाडायला लावत होते. पुढे दशकभराने त्याच सरकारचे संशोधक नेब्रास्कात धसकटे वर ठेवून मशागत करण्याचे प्रयोग करू लागले. शेतकरी बिचकला असेल तर नवल कसले?

आता धुळीच्या वादळांचे पाहू. १४ एप्रिल १९३५ च्या 'काळ्या रविवारी' ओक्लाहोमा आणि टेक्ससच्या वायव्य भागात दिवसाढवळ्या अंधार झाला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला ह्यू हॅमंड बेनेट यांच्या हाताखाली मृदसंधारण सेवा कायद्याने उभी राहिली. पण ही वादळे कोरड्या गव्हाच्या मुलखातली. मक्याच्या पट्ट्यात पाऊस चांगला; तिथली माती वाऱ्याने डोळ्यांत जात नव्हती, पाण्याबरोबर पापुद्र्यापापुद्र्याने उतारावरून खाली जात होती, आणि अशी झीज एका पिढीला दिसतही नाही. इलिनॉयच्या शेतकऱ्याच्या लेखी ओक्लाहोमाचे संकट दुसऱ्याच्या घरचे होते. शिवाय बेनेट यांच्या खात्याने जे उपाय शिकवले ते समतल रेषेवर नांगरण्याचे, बांध-मजग्यांचे, पिकांच्या फेरपालटाचे. नांगराची दिशा बदलली. नांगर सोडायला कोणी फारसे सांगितले नाही. ते ठणकावून सांगितले ओहायोतले शेतीतज्ज्ञ एडवर्ड फॉकनर यांनी. त्यांचे 'प्लाऊमन्स फॉली' १९४३ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले आणि त्यावर देशभर रणे माजली. नांगरणीला शास्त्रीय आधार नाही, पालापाचोळा वरच्या थरात तव्यांच्या कुळवाने मिसळला की पुरे, असा त्यांचा दावा. मातीबद्दल ते पुष्कळसे बरोबर होते. तणांबद्दल मात्र त्यांचे उत्तर लंगडे होते, आणि मक्याच्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न तोच होता.

इथे आक्षेप येईल: ही सगळी नंतर सुचलेली समर्थने आहेत, मूळ दोष सवयीचा आणि मानाचा. सरळ तास धरण्याच्या स्पर्धा होत, काळेभोर निर्मळ रान ही चांगल्या शेतकऱ्याची ओळख असे, आणि काडीकचऱ्याने भरलेले शेत म्हणजे आळशाचे शेत असे शेजारीपाजारी म्हणत. यात तथ्य आहे, आजही आहे. पण निव्वळ सवयच आडवी येत असती तर याच शेतकऱ्यांनी संकरित मका इतक्या झपाट्याने घेतला नसता. १९३५ मध्ये आयोवातल्या मक्याच्या दहा टक्क्यांहून कमी क्षेत्रावर संकरित बियाणे होते. पाचेक वर्षांत ते नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. दरवर्षी बियाणे विकत घ्यायचे, बापजाद्यांची कणसे निवडून ठेवण्याची रीत मोडायची, हे लहान परिवर्तन नव्हते. ते पटकन झाले, कारण संकरित बी जुन्या बियाण्याचे एकच काम करत होते आणि अधिक चांगले करत होते. बाकी शेती होती तशीच चालत होती. नांगर काढून घेतला तर मात्र तण, कीड, खत, ऊब, पेरणी यांची सगळी घडीच विस्कटत होती. त्याच माणसाने त्याच काळात एक गोष्ट चटकन घेतली आणि दुसरी घेतली नाही, याचा अर्थ तो हिशेब करत होता.

तणांचे काम पहिल्यांदा हातावेगळे झाले. युद्धानंतर आलेले २,४-डी फक्त रुंद पानांची तणे मारी. १९५८ मध्ये ॲट्राझीन आले, ते मक्याला सोसते आणि बऱ्याच तणांना सोसत नाही. १९६२ च्या सुमारास पॅराक्वाट आले, ते वरचे हिरवे सगळे जाळते आणि मातीला लागताच निष्प्रभ होते. त्याच १९६२ मध्ये केंटकीतल्या हर्नडन गावी हॅरी यंग या शेतकऱ्याने एकराहून कमी तुकड्यावर न नांगरता मका घेतला, आणि ओहायो राज्य विद्यापीठाच्या ग्लोव्हर ट्रिपलेट आणि डेव्हिड व्हॅन डोरेन यांनी वूस्टर इथे नांगरलेल्या व न नांगरलेल्या रानांची तुलना सुरू केली. ती वाफ्यांची मांडणी अजून चालू आहे. १९६६ मध्ये ॲलिस-चाल्मर्स कंपनीने धसकटे कापत पेरणारे यंत्र विकायला आणले. यापुढे नांगर झपाट्याने जायला हवा होता. गेला नाही, आणि का गेला नाही हे ओहायोच्या त्याच प्रयोगांत दिसते. वूस्टरच्या निचऱ्याच्या जमिनीत न नांगरलेला मका नांगरलेल्याच्या बरोबरीने, काही वेळा सरस आला. राज्याच्या वायव्येला हॉइटव्हिलच्या भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण जमिनीत मक्यावर मका घेतला तेव्हा तो मागे पडला. केंटकीत उतार, ऊब आणि निचरा होता; मध्य इलिनॉय आणि उत्तर आयोवाचे उत्तम सपाट रान हॉइटव्हिलच्या जवळचे. तिथे ताटांच्या पांघरुणाखाली माती एप्रिल संपेपर्यंत थंड आणि ओली राहते, वाफसा लांबतो, बी कुजते किंवा एकसारखे उगवत नाही. म्हणजे तणाचे काम रसायनाने उचलले, पण ऊब आणण्याचे काम नांगराशिवाय कोणी करत नव्हते.

पुढच्या दोन दशकांत दबाव इतरांनीच आणला. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईने डिझेल महागले, ऐंशीच्या दशकातल्या कर्जसंकटाने माणसे शेतीतून गेली आणि उरलेल्यांची राने मोठी झाली. १९८५ च्या शेती कायद्याने उताराच्या, धुपणाऱ्या जमिनीवर संधारणाची अट घातली: आराखडा १९९० पर्यंत, अंमल १९९५ पर्यंत, नाहीतर सरकारी मदत बंद. या धक्क्याने शून्य मशागत, म्हणजे अजिबात न नांगरता पेरणे, खूप पसरली, पण ती मुख्यतः सोयाबीनमध्ये. सोयाबीन उशिरा, उबदार मातीत पेरतात. मक्याच्या ताटांतून ते सहज येते. मक्याची पाळी आली की बरेच जण पुन्हा अवजार घालत. अमेरिकी कृषी खात्याच्या पाहणीत २०१६ मध्येही मक्याच्या सुमारे २७ टक्के क्षेत्रावरच शून्य किंवा पट्टा मशागत आढळली, आणि प्रमुख पिकांच्या क्षेत्रापैकी सलग चार वर्षे न नांगरलेले क्षेत्र जेमतेम पाचवा हिस्सा होते. खाते या दोन्ही रीती एकाच रकान्यात मोजते, त्यामुळे पट्टेवाल्यांचा वेगळा आकडा त्यातून निघत नाही; सरकारी रकान्यांना मधल्या रीतींचे वावडेच असते.

पट्टा मशागत ही नेमकी त्या उरलेल्या उबेच्या प्रश्नातून आली. युद्धोत्तर काळात निर्जल अमोनिया हे स्वस्त नत्रखत झाले होते, आणि ते फाळाने जमिनीत खोल सोडावे लागे. इलिनॉयमधल्या काही शून्य मशागतवाल्यांनी शरदात अमोनिया सोडण्याच्या त्याच दांड्यावर धसकटे बाजूला सारणारी चाके आणि माती ओढणारे तवे बसवून सहा-आठ इंच खोल पट्टा काढायला सुरुवात केली. पट्ट्यावर दोन-तीन इंचांचा वरंबा उभा राहतो, हिवाळ्यात तो मुरतो, वसंतात काळा आणि मोकळा असल्याने लवकर तापतो आणि सुकतो. नांगराने साऱ्या रानाला दिलेली ऊब जिथे बी पडणार तेवढ्याच जागेला मिळते, आणि मधल्या धसकटांमुळे पावसाचा मार मातीला लागत नाही. खोडकिडीचे काम एव्हाना तिसऱ्यानेच उचलले होते. १९९६ पासून खोडकिडीच्या अळीला मारणारा बीटी मका आला आणि ताटे गाडण्याची निकड सरली. उरला प्रश्न ओळ सापडण्याचा. शरदात ओढलेल्या पट्ट्यावर सहा महिन्यांनी, बर्फ वितळल्यावर, सोळा किंवा चोवीस ओळींचे यंत्र तंतोतंत आणायचे. चार इंच चुकले तर बी घट्ट जमिनीत पडते आणि सारी मेहनत वाया. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि त्याच सुमारास जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेत इंचभराच्या अचूकतेने ट्रॅक्टर हाकणारी यंत्रणा शेतात आली. पट्टा मशागतीला पेरणीचा भरवसा या यंत्रणेने दिला. म्हणून शेतकऱ्याने पहिल्या वर्षी भाड्याचे यंत्र आणून एखाद्या तुकड्यावर पट्टे ओढले, मग हळूहळू क्षेत्र वाढवले, यात मला भित्रेपणा दिसत नाही. जमिनीजमिनीत फरक असतो, आणि ओहायोचे संशोधकही शेवटी वाफ्यावाफ्यानेच शिकले होते.

या सगळ्यामागे रसायन कंपन्यांचा हात आहे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. १९९६ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारे सोयाबीन आणि १९९८ मध्ये तसाच मका आल्यावर न नांगरणे सोपे झाले, आणि एकाच औषधावर सगळा भार पडला. रसायनावर फारसे न विसंबणारा दुसरा रस्ताही होता. आयोवातल्या बून गावचे डिक थॉम्पसन वर्षानुवर्षे कायम वरंब्यावर मका-सोयाबीन घेत, जूनमध्ये कोळप्याने तण काढत आणि वरंबा पुन्हा बांधत. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा या संस्थेमागे तेही होते. वरंब्याची ती रीत पट्टा मशागतीची जवळची नातलग. ती मागे पडली, कारण ऐन जूनमध्ये सावकाश कोळपणीला वेळ आणि माणसे लागतात, आणि मोठ्या होत चाललेल्या शेतांवर दोन्हींचा तुटवडा होता. म्हणून कंपन्यांनी मार्ग रुंद केला हे मान्य. पण औषधच पुरेसे असते तर मका १९७० च्या दशकातच न नांगरता आला असता, पट्टा काढायची गरजच पडली नसती. आणि त्या भाराची किंमत लवकरच द्यावी लागली. २००० मध्ये डेलावेअरच्या न नांगरलेल्या सोयाबीनमध्ये ग्लायफोसेटला दाद न देणारे तण आढळले, मग आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातली तणे तशीच निगरगट्ट झाली. काहींनी नांगर पुन्हा बाहेर काढला.

उलट बाजूने शून्य मशागतीचे कडवे पुरस्कर्ते म्हणतात की पट्टा म्हणजे अर्धवट माघार. मातीच्या झिजेचा हिशेब पाहिला तर हे मला पटत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये उपग्रहचित्रांवरून मांडले की मक्याच्या पट्ट्यातल्या सुमारे एक तृतीयांश शेतजमिनीवरचा सेंद्रिय कर्बाने समृद्ध असा काळा थर गेलेला आहे, आणि तो विशेषतः टेकाडांच्या माथ्यांवरून. पाणी माथ्यावर साठत नाही. तिथली माती मुख्यतः अवजारानेच वर्षानुवर्षे खाली ढकलली, असा त्यांचा निष्कर्ष. अवजार रानाच्या तिसऱ्या हिश्शालाच लागले तर ही ढकलाढकल त्या प्रमाणात कमी होते, आणि ज्या थंड जमिनीवर शून्य मशागत दोन वर्षांत सोडून दिली जाते तिथे पट्टा टिकतो.

नांगराचे एक काम मात्र तो गेल्यावरच लोकांच्या लक्षात आले. ईरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी मशागत कमी केली, मातीबरोबर वाहणारा स्फुरद घटला, पण नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पाण्यात विरघळलेला स्फुरद वाढत गेला. ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवरातल्या शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहर आणि परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. कारणे अनेक आहेत, जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या आणि मोठे पाऊस त्यात येतात. पण एक कारण असे की वरून फेकलेले खत मातीत मिसळायला आता कोणी नव्हते, ते वरच्या दोन इंचांतच साचत होते. पट्ट्याच्या फाळामागून स्फुरद सहा इंच खाली सोडता येतो, आणि या रीतीची शिफारस त्या खोऱ्यात आता मातीपेक्षा पाण्यासाठी अधिक होते. अडचण पैशाची आहे. पट्टा ओढणारे यंत्र, खताची टाकी आणि मार्गदर्शक यंत्रणा यांचा खर्च मोठा, तर सहकारी दुकानाच्या गाडीकडून खत फेकून घेणे स्वस्त. मक्याच्या पट्ट्यातली बरीच जमीन खंडाने कसली जाते. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नसलेला माणूस त्या यंत्रासाठी कर्ज काढायला धजत नाही, आणि खत फेकणारी गाडीच बोलावतो.